गाडीचा स्टीरिओ घरी बसवताना: कपलर कापू नका

बाबांची वॅगनआर दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सकाळी सेल्फच मारत नसे. बॅटरी जेमतेम आठ महिन्यांची. मेकॅनिकने अल्टरनेटर तपासला, तो ठणठणीत निघाला. शेवटी एका रविवारी मी स्टीरिओ बाहेर ओढला, मागे हात घातला आणि बोटांना काळा चिकट गोंद लागला. कंपनीच्या वायरिंगचं कपलर, म्हणजे वायरींच्या टोकाचा प्लास्टिकचा जोड, मुळासकट कापलेलं होतं. वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळली होती आणि नाशिकच्या दोन उन्हाळ्यांत त्या टेपचा गोंद पाघळून ती सुटत आली होती. त्यात स्टीरिओची पिवळी (कायमच्या करंटची) आणि लाल (किल्लीबरोबर चालू-बंद होणारी) या दोन्ही वायरी गाडीच्या कायम करंट असलेल्या एकाच वायरीला जोडलेल्या. म्हणजे किल्ली काढून आपण घरात गेलो तरी स्टीरिओ रात्रभर बॅटरी पीत बसायचा.

ज्या दुकानात हे काम झालं तिथे गाडी अर्ध्या तासात हातात मिळाली होती. नवा स्टीरिओ मी घरीच बसवला. चार तास लागले, पण गाडीची एकही वायर कापावी लागली नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने एवढा वेळ हाताशी ठेवूनच बसावं. काम अवघड नाही, मात्र त्याचा क्रम सांभाळावा लागतो.

खरेदीच्या आधी

स्टीरिओच्या तोंडाचं माप ठरलेलं असतं. सिंगल डिन म्हणजे १८० मिमी रुंद आणि ५० मिमी उंच. डबल डिन तेवढाच रुंद, पण १०० मिमी उंच. डिन हे जर्मनीच्या मानक संस्थेचं नाव, तेच माप पुढे जगभर रूढ झालं. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत खाच २०० मिमी रुंद असते, तिथे डबल डिन बसवला की दोन्ही बाजूंना फट राहते आणि पट्टी लावावी लागते. ९ किंवा १० इंची स्क्रीनवाले अँड्रॉइड स्टीरिओ डिनच्या खाचेत मावत नाहीत. त्यांना तुमच्याच मॉडेलची, तुमच्याच सालाची फ्रेम लागते. वॅगनआरची फ्रेम एवढं सांगून भागत नाही, कारण २०१९ ला आलेल्या वॅगनआरचा डॅशबोर्ड आधीच्या गाडीपेक्षा पूर्ण वेगळा आहे. दुकानात आरसी बुकचा फोटो दाखवून फ्रेम मागा.

खोक्यावरच्या आकड्यांनी भुलू नका. ‘४ × ५० वॅट’ हा क्षणभराचा कमाल आकडा असतो. स्टीरिओच्या आतला ॲम्प्लिफायर सलग देतो ते प्रत्येक स्पीकरला साधारण २० वॅट, आणि कंपनीच्या स्पीकरना तेवढे पुरतात. घरात कोणाला सकाळी अस्मिता वाहिनी लागत असेल तर एक गोष्ट मुद्दाम पाहा. मुंबईत ही वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर, म्हणजे मीडियम वेव्हवर आहे. स्वस्तातल्या अनेक अँड्रॉइड स्टीरिओत एएम, म्हणजे हेच मीडियम वेव्ह, नसतंच, किंवा असलं तरी नुसती खरखर येते. बाबांसाठी मी हे दुकानातच लावून पाहिलं होतं.

काही गाड्यांत मात्र स्वतः हात घालू नये असं माझं मत आहे. एसीचं सेटिंग, पार्किंग सेन्सर, गाडीची माहिती हे सगळं कंपनीच्या स्क्रीनवरूनच चालत असेल, तर ती स्क्रीन काढल्यावर ते बंद पडू शकतं. अशा गाडीला वेगळा डीकोडर, म्हणजे गाडीचे संदेश नव्या स्टीरिओला समजावणारी डबी, लागतो आणि तो जुळेल की नाही हे आधी पक्कं करावं लागतं. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. वायर कापलेली दिसली की इलेक्ट्रिकलचा क्लेम नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं.

सगळा खेळ कपलरचा

गाडीच्या वायरिंगच्या टोकाला प्लास्टिकचं कपलर असतं. नव्या स्टीरिओची वायरिंग वेगळी असते आणि तिच्या टोकाला बहुतेक वेळा नुसत्या सुट्या वायरी असतात. या दोन्हींच्या मध्ये बसणारी जोडवायरिंग बाजारात मिळते. दुकानदार तिला ‘कपलर टू कपलर’ म्हणतात. एका टोकाला तुमच्या गाडीच्या कपलरचा जोडीदार, दुसऱ्या टोकाला स्टीरिओत जाणारं कपलर किंवा सुट्या वायरी. काही शेकड्यांत मिळते. ती घेतली की गाडीकडची एकही वायर सोलावी लागत नाही आणि उद्या गाडी विकायची झाली तर जुना स्टीरिओ दहा मिनिटांत परत लावता येतो.

मारुती, ह्युंदाई, टाटा, होंडा, प्रत्येकाचं कपलर निराळं. एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या गाड्यांतही फरक असतो. म्हणून जुना स्टीरिओ आधी बाहेर काढून कपलरचा समोरून फोटो घ्या, पिना मोजा आणि मगच दुकानात जा. आमच्या गाडीचं कपलर आधीच कापलेलं असल्यामुळे मला तेच नवं शोधून प्रत्येक वायरीला परत जोडावं लागलं. चारपैकी दोन तास त्यातच गेले.

नव्या स्टीरिओच्या सुट्या वायरींचे रंग बहुतेक कंपन्या सारखेच ठेवतात. पिवळी ही कायमचा १२ व्होल्ट, किल्ली काढली तरी चालू. घड्याळ, स्टेशनं, सेटिंग लक्षात राहतं ते हिच्यामुळे. लाल ही एसीसीची (ॲक्सेसरीची), किल्ली एक टप्पा फिरवली की करंट येणारी. काळी अर्थची, म्हणजे गाडीच्या लोखंडी बॉडीला जाणारी. निळी अँटेनाला करंट देते, निळी-पांढरी बाहेरच्या ॲम्प्लिफायरला जागं करते आणि नारिंगी दिवे लावल्यावर स्क्रीन मंद करते. स्पीकरच्या जोड्या अशा: पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. प्रत्येक रंगाची साधी वायर प्लस आणि त्याच रंगावर काळी रेघ असलेली मायनस.

हे रंग स्टीरिओकडच्या वायरींचे आहेत. गाडीकडच्या वायरींना ते लागू नाहीत. गाडीकडची लाल वायर एसीसीचीच असेल असं समजून जोडणं ही नवख्यांची सगळ्यात महागडी चूक. तिथे रंगावर जाऊ नका, मीटर लावा.

हत्यारं

दहाचा पाना, फुली आणि चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर, पॅनल उचकटायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचा संच, वायर सोलायची पक्कड, साधा डिजिटल मल्टिमीटर, हीट श्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी), प्लास्टिकच्या लॉक पट्ट्या आणि डॅशबोर्डमध्ये वापरतात ती कापडी टेप. मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो, तो टाळू नका. टेस्टरचा दिवा करंट आहे की नाही एवढंच सांगतो, इथे किती आहे आणि कधी येतो हेही कळावं लागतं. पट्ट्यांच्या जागी स्क्रू ड्रायव्हर घालून पॅनल उचकटलं तर कडेला जो पांढरा वळ उठतो तो कायमचा राहतो.

खोलताना

गाडी सावलीत लावा, पण फार थंडीत पहाटे हे काम काढू नका. गार प्लास्टिकच्या क्लिपा पटकन तुटतात. हँडब्रेक ओढा, एका बाजूची काच खाली करा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. कंपनीचा स्टीरिओ असेल तर त्याला कोड लागतो का हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. होंडाच्या काही गाड्यांत बॅटरी काढून लावल्यावर स्टीरिओ कोड मागतो आणि तो नसेल तर अडून बसतो.

आता बॉनेट उघडून बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा. आधी मायनसच. प्लस सोडताना पाना चुकून बॉडीला टेकला तर जोरदार ठिणगी उडते. मायनस आधी निघालेलं असलं की तो धोकाच उरत नाही. टर्मिनल फडक्यात गुंडाळून बाजूला सारा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेला करंट तेवढ्यात उतरतो. डॅशबोर्डच्या आत पिवळ्या वेष्टनातली वायर किंवा पिवळं कपलर दिसलं तर ते सहसा एअरबॅगचं असतं. त्याला हात लावू नका आणि मीटरची पिनही टेकवू नका.

मधलं पॅनल बहुतेक गाड्यांत क्लिपांवर बसलेलं असतं, कुठे कुठे एसीच्या जाळीमागे किंवा खालच्या कप्प्यात एखादा स्क्रू लपवलेला असतो. आपल्या मॉडेलचा एखादा व्हिडिओ आधी पाहून ठेवला तर बरं. कडांना कागदी टेप लावा, खालच्या कोपऱ्यात प्लास्टिकची पट्टी घाला आणि एकेक क्लिप सोडवत वर या. जोर लावूनही एखादा कोपरा हलत नसेल तर तिथे स्क्रू आहे असं समजा, ओढू नका. पॅनल सुटलं तरी झटक्यात बाहेर घेऊ नका, मागे हझार्डच्या (चारही इंडिकेटर लावायच्या) बटणाची वायर असते. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा आणि निघालेले स्क्रू ज्या ठिकाणचे त्या ठिकाणी कागदावर टेपने चिकटवून ठेवा.

मीटर लावा

स्टीरिओ निघाला, कपलर मोकळं झालं. आता तपासणीपुरती बॅटरी परत जोडा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला लावा आणि लाल पिनेने कपलरच्या एकेका पिनेला हलकेच स्पर्श करा. किल्ली काढलेली असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते ती कायमची वायर, पिवळीची जोडीदार. किल्ली एक टप्पा फिरवल्यावर जिच्यात करंट येतो आणि किल्ली काढल्यावर जातो, ती लालची. पार्किंगचे दिवे लावल्यावर जागी होते ती नारिंगीची. प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी लावत चला.

अर्थ शोधायला बॅटरी पुन्हा सोडा आणि मीटर ओहमवर घ्या. कपलरची पिन आणि बॉडी यांच्यात जवळजवळ शून्य ओहम दिसले की ती अर्थ.

उरल्या स्पीकरच्या वायरी. एका स्पीकरच्या दोन वायरींमध्ये मीटर ३ ते ४ ओहम दाखवतो, कारण गाडीतले स्पीकर सहसा ४ ओहमचे असतात. असे दोन-दोनचे जोड मिळाले की भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल आणा आणि त्या दोन वायरी सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. गाडीच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून ‘टक्’ असा आवाज येईल. तो ज्या दारातून आला त्या दाराचा स्पीकर. स्पीकरची जाळी काढता येत असेल तर दुसऱ्या कोणाला तिथे बघायला बसवा. टेकवताच पडदा बाहेर उसळला तर सेलच्या प्लसला लावलेली वायर स्पीकरचीही प्लस. आत गेला तर उलट. आमच्याकडे मागच्या सीटवर बसून हे बघायचं काम पुतणीने केलं. ‘बाहेर आला, आत गेला’ असं तिने सांगायचं आणि मी चिठ्ठीवर खूण करायची. वीस मिनिटांत चारही स्पीकर उलगडले.

स्पीकरची मायनस कधीही बॉडीला अर्थ करू नका. काही जुन्या गाड्यांत स्पीकरचा मायनस एकच आणि बॉडीला जोडलेला असे. आताच्या स्टीरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींत आउटपुट असतं. त्यातली एक बॉडीला टेकली तर आतला ॲम्प्लिफायरचा आयसी (चिप) जळू शकतो, आणि अशा बिघाडाला वॉरंटी मिळणं कठीण.

जोडणी टेबलावर

जोडवायरिंग आणि स्टीरिओच्या वायरी घरात उजेडात, टेबलावर बसून जोडा. गाडीत वाकून केलेले जोड तकलादू होतात. आधी हीट श्रिंक नळी वायरीत ओवा, हे विसरलं तर जोड पुन्हा सोडावा लागतो. मग साधारण एक सेंटिमीटर सोला, तारा एकमेकींत गुंफून डाग द्या (सोल्डर करा) किंवा दाबायचे क्रिम्प वापरा, वर नळी सरकवून तापवा. शेवटी जोड दोन्ही हातांनी ओढून पाहा. सुटला तर टेबलावर सुटलेला बरा. नुसती पिळून काळी टेप गुंडाळू नका. बंद गाडी उन्हात उभी राहिली की डॅशबोर्डच्या आत ती टेप टिकत नाही, हे आमच्या गाडीत मी हाताने चाचपलंय.

न लागणाऱ्या वायरींची उघडी टोकंही एकेक करून झाका. निळीत तर स्टीरिओ चालू होताच करंट येतो. ती बॉडीला लागली की फ्यूज गेला.

अर्थकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. कपलरमधली अर्थ चांगली असेल तर तीच वापरा. शंका असेल तर काळी वायर आतल्या लोखंडी पट्टीवरच्या बोल्टला, रंग खरवडून, गोल टर्मिनल लावून घट्ट आवळा. स्टीरिओची निम्मी दुखणी कमकुवत अर्थमुळे होतात असा माझा अनुभव आहे.

व्हिडिओसाठी एक ‘पार्किंग ब्रेक’ नावाची वायर असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच स्क्रीनवर व्हिडिओ दिसावा म्हणून ती दिलेली आहे. बरेच जण ती सरळ अर्थला जोडून ही सोय बंद करतात. तसं करू नका. घाटात समोरचा ट्रक कधी थांबेल सांगता येत नाही, तिथे चालवणाऱ्याची नजर स्क्रीनवर नको.

आत ढकलण्याआधी

सगळी कपलरं आणि अँटेना लावा, पण स्टीरिओ खाचेत सारू नका. सीटवर टॉवेल अंथरून त्यावर ठेवा, बॅटरी जोडा आणि चालू करा. बॅलन्स (डावं-उजवं) आणि फेडर (पुढचं-मागचं) एकेका कोपऱ्यात नेऊन प्रत्येक स्पीकर स्वतंत्र ऐका. एफएमचं दूरचं स्टेशन लावा. किल्ली काढून स्टीरिओ बंद होतो का पाहा, पाच मिनिटांनी परत लावून घड्याळ आणि सेटिंग शाबूत आहे का तेही पाहा. रिव्हर्स कॅमेरा असेल तर गिअर टाकून बघा. कॅमेऱ्याला करंट मागच्या रिव्हर्स दिव्यातून मिळतो आणि त्याच दिव्याची एक बारीक लाल वायर व्हिडिओ केबलबरोबर पुढे येते, ती स्टीरिओच्या रिव्हर्स वायरीला जोडायची असते. डिकीच्या रबरी नळीतून केबल नेताना थोडी ढील ठेवा, नाहीतर डिकी उघडझाप करताना ती तुटते.

सगळं नीट चाललं तरच बसवा. कडेच्या पट्ट्यांना स्टीरिओबरोबर आलेले आखूड स्क्रूच वापरा. लांब स्क्रू आतल्या बोर्डात घुसतो. वायरींची गाठोडी करून स्टीरिओच्या पाठीमागे कोंबू नका, तिथे त्याचा हीट सिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा भाग, असतो आणि त्याला वारा लागतो. वायरी खाली किंवा बाजूला पट्टीने बांधा, जोडांना कापडी टेप गुंडाळा म्हणजे खडबडीत रस्त्यावर टकटक येणार नाही. एकही वायर स्टीअरिंगच्या दांड्याजवळ किंवा पॅडलांवर लोंबता कामा नये. जीपीएसची डबी काचेखाली, आकाशाकडे तोंड करून ठेवा. माइक चालवणाऱ्याच्या तोंडाजवळ हवा, पण काचेच्या कडेच्या खांबावर ‘एअरबॅग’ लिहिलेलं असेल तर ते पॅनल उघडू नका, माइक स्टीअरिंगमागे लावा.

काही बिघडलं तर

चालूच होत नसेल तर आधी स्टीरिओच्या पाठीवरचा फ्यूज पाहा, बहुतेक वेळा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. मग गाडीच्या फ्यूज बॉक्समधला रेडिओचा किंवा एसीसीचा. गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. परत गेला तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालून चालवलंत तर वायरिंग पेट घेऊ शकतं.

किल्ली काढली की सेटिंग पुसलं जात असेल तर पिवळी आणि लाल एकमेकींच्या जागी गेल्या आहेत. काही जोडवायरिंगमध्ये या दोन वायरींवर सुटे होणारे गोळीसारखे जोड असतात, तिथे अदलाबदल पुरते.

इंजिनाचा वेग वाढेल तशी चिरकी शीळ चढत असेल तर अर्थ पुन्हा आवळा आणि ॲम्प्लिफायर असेल तर त्याची आरसीए केबल (स्टीरिओकडून आवाज नेणारी) करंटच्या केबलपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. आवाज पोकळ आणि बेस गायब वाटला तर एखाद्या स्पीकरचं प्लस-मायनस उलटं आहे. एफएम अगदीच क्षीण असेल आणि तुमची अँटेना छतावरची असेल, तर तिच्या बुडाशी छोटा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला निळ्या वायरीतून करंट लागतो. ती जोडायची राहिलेली असते.

आणि बॅटरी उतरते का याची खात्री अशी करा. मीटर १० अँपिअरच्या खाचेवर घेऊन बॅटरीचं मायनस टर्मिनल आणि त्याची सुटलेली केबल यांच्यामध्ये लावा. दारं बंद आणि किल्ली काढलेली हवी. मीटर असा जोडलेला असताना इंजिन मुळीच सुरू करू नका. अर्धा तास थांबा. आकडा ५० मिलीअँपिअरच्या आत आला तर निश्चिंत व्हा. बाबांच्या गाडीत जुन्या जोडणीवर तो अर्ध्या अँपिअरच्या जवळ होता, नव्या जोडणीवर २० मिलीअँपिअर.

आठवड्याभराने पॅनलच्या कडांवर एकदा हात फिरवून क्लिपा बसलेल्या आहेत का पाहा. जुना स्टीरिओ, जुनी फ्रेम, उरलेले स्क्रू आणि तुम्ही लिहिलेल्या वायरींच्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून त्यावर गाडीचा नंबर लिहा आणि माळ्यावर ठेवून द्या. पुढच्या वेळी पॅनल उघडाल तेव्हा पहिली गरज त्या चिठ्ठ्यांची पडेल.